सतरा नंबरची डबी

"मॅडम, हा रेडॉन का कोण तो आमच्या घरात आहे की नाही, ते मोजायला तुम्ही घरी येणार, की नुसतं शाळेत येऊन घाबरवून जाणार?"

हा प्रश्न माझा नव्हता हो! माधुरीनं तो वहीच्या मागच्या पानावर लिहून माझ्याकडं सरकवला होता आणि खाली लिहिलं होतं, "विचारून दाखव. एक वडापाव." मागच्या बाकावरच्या तिघींनी लगेच साक्षीदार म्हणून माना हलवल्या. आता माझ्याशी पैज लावायची म्हणजे पेट्रोल पंपावर काडी ओढायची! कारण त्याच महिन्यात भोरला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता. पहिला का नाही आला ते विचारू नका. शेवटची घंटा झाल्यावरही मी बोलतच होते, म्हणून. त्याआधी नववी 'ब'मधली गुलफशा, म्हणजे मीच, हजेरीला 'हजर' म्हणतानाही बाकाखाली बघायची. प्रमाणपत्र घरी आलं आणि माझ्या तोंडाचं कुलूप जे कुठं पडलं, ते आजवर सापडलेलं नाही.

मुख्याध्यापकांच्या मिशा आडव्याच्या उभ्या झाल्या. पण पुण्याहून आलेल्या त्या मॅडम खूश! म्हणाल्या, "याच प्रश्नाची वाट बघत होते मी. नाव काय तुझं? गुलफशा? एक डबी तुझ्याच घरी."

त्यांनी सगळं नीट सांगितलं होतं, ते आधी कबूल करते. रेडॉनला रंग नाही, वास नाही, चव नाही. ("स्टँडवरचा चहा!" मागून कुणीतरी म्हणालं.) तो जमिनीतून, दगडामातीतून थोडा थोडा सगळीकडंच निघतो. उघड्यावर उडून जातो, बंद घरात साठतो. वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात छातीत गेला, तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तर फारच. "पण आपल्या भागातल्या काळ्या दगडात तो बहुतेक कमीच असतो," असंही त्या म्हणाल्या, "आणि मोजल्याशिवाय कुणाला दोष द्यायचा नाही."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तेव्हा मी वडापावबरोबर मिरची तळलेली घ्यावी की कच्ची, याचा विचार करत होते.

वीस घरांसाठी वीस डब्या आल्या होत्या. माझी सतरा नंबरची. चहाच्या छोट्या पेल्याएवढी पांढरी प्लॅस्टिकची डबी, तोंडावर बारीक पडदा, आत नखाएवढी फिल्म. रेडॉन आत गेला की त्या फिल्मवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि पुण्याला नेऊन ते मोजतात. तीन महिने एकाच जागी टांगायची. हात लावायचा नाही, हलवायची नाही.

मी ती डबी दोन्ही हातांत धरून घरी निघाले. चाल अशी, की बघणाऱ्याला वाटावं, ह्या पोरीनंच रेडॉन शोधलाय!

आमचं घर सारोळ्याला हायवेला लागून. पुढं अब्बांचं फरशीचं दुकान, मागं आम्ही. शहाबादी, कडाप्पा आणि दोन वर्षांपासून ग्रॅनाईट. ग्रॅनाईट हा अब्बांचा जीव! स्वयंपाकघरात त्यांनी स्वतःच्या हातानं काळा ओटा बसवलाय, असा चकाकता, की त्यात बघून वेणी घालता येते. गिऱ्हाईक आलं की अब्बा त्याला थेट आत आणून ओटा दाखवतात. त्यामुळं अम्मीला दिवसभरात कधीही खरकटं भांडं ठेवायची सोय राहिलेली नाही. ओटा नव्हे, नवरी मुलगी आहे ती!

त्या दिवशी दुकानात कामथडीचे रखमाजी बसले होते. मुलाचं लग्न मे महिन्यात, त्याआधी नवं घर आणि त्यात हाफिजभाईंचा, म्हणजे अब्बांचा, काळा ओटा, असा त्यांचा बेत होता. ग्रॅनाईटच्या लादीला टेकून ते विडी ओढत होते.

"काय गं गुलू, हातात काय?" अब्बांनी विचारलं.

झालं! समोर दोन श्रोते आणि टाळ्यांना जागा. मी दप्तर खाली ठेवलं, पाय जुळवले आणि सुरू केलं, "रंग नाही, गंध नाही, आवाज नाही! पण तो येतो! कुठून येतो? पायाखालच्या मातीतून येतो, आणि येतो तो ह्या... ह्या... दगडातून!"

'ह्या' म्हणताना मी हात केला. वक्तृत्वात तसा हात करावा लागतो, वाक्याला वजन येतं. पण तो हात कुठं जाऊन थांबला? रखमाजी टेकले होते, बरोबर त्याच लादीवर!

रखमाजी स्प्रिंग लागल्यासारखे उठले. "काय येतंय म्हनली?"

"विषारी वायू," मी म्हणाले. "कॅन्सर होतो."

"ह्यातनं?"

"कोणत्याही..." मी सांगायला लागले, पण 'कोणत्याही' हा शब्द रखमाजींच्या पाठीलाच ऐकू आला असेल, कारण तोवर ते रस्त्यापलीकडं पोचले होते. विडी मात्र तोंडातच होती.

दुसऱ्या दिवशी ही बातमी एसटीतून कामथडीला गेली. तिथून टेम्पोतून भाजीबरोबर भोरच्या बाजारात उतरली. चौथ्या दिवशी परत सारोळ्याला आली तेव्हा तिला ओळखणं कठीण होतं! हाफिजच्या दुकानातल्या काळ्या फरशीतून गॅस सुटतो. त्या ओट्याजवळ काडी पेटवली की भडका उडतो. एक बाई तर कामथडीहून खास आल्या आणि अम्मीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गॅस निघतुया म्हनं वट्यातनं. मग शिलिंडर लागत न्हाई का तुमाला? आमाला बी तसलाच द्या की!"

एवढं एकच गिऱ्हाईक वाढलं. बाकी सगळी आटली. ठरलेले तीन ओटे लोकांनी 'जरा थांबा' म्हणून थांबवले. अब्बा दिवसभर दुकानात बसून पुसलेल्याच लाद्या पुन्हा पुसायचे. मला एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं! मी चार वेळा दप्तर भरायची, चार वेळा रिकामं करायची. बसले तर उठावंसं वाटायचं, उठले तर कुठं जावं कळायचं नाही. माधुरीनं पैजेचा वडापाव आणला, तोही अर्धाच गेला. (उरलेला अर्धा तिनं परत मागितला. मैत्रीण!)

मग एक दिवस अब्बा चहाच्या टपरीवर गेले. तिथं रखमाजी आणि दहाबारा जण होते. मीही मागोमाग गेले. अब्बा सरळ म्हणाले, "ऐका. ती डबी माज्या स्वैपाकघरात टांगलीय, ग्रॅनाईटपासून चार हातांवर. शाळेत निकाल आला की हेडसरांनी तो सगळ्यांम्होरं वाचायचा. डबी म्हनली खराब, तर त्याच दिवशी म्या ग्रॅनाईटचा धंदा बंद करतो. डबी म्हनली चांगलं, तर तुमी आपापले ओटे करून घ्यायचे. कबूल?"

"कबूल!" रखमाजी म्हणाले आणि विझलेली विडी पुन्हा पेटवली.

अब्बांनी सगळं दुकान त्या चिमुकल्या डबीत घातलं होतं. आणि डबी मी घरात आणली होती!

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगते, हसू नका. दगडातून रेडॉन येतो. आमच्या स्वयंपाकघरात दगडच दगड: खाली शहाबादी, भिंतीला कडाप्पा, ओटा ग्रॅनाईटचा. म्हणजे डबी बिचारी दगडांच्या वेढ्यात सापडलेली! तिला जिथं खडासुद्धा नाही, नुसती स्वच्छ, गरीब माती आहे, अशा ठिकाणी ठेवलं, तर निकाल शंभर टक्के चांगला. मातीसारखं पवित्र दुसरं काय असतं? (मॅडमनी 'जमिनीतून' हा शब्द आधी घेतला होता. मी तो भाषणात वापरलाही होता! पण स्वतःचं भाषण स्वतः कोण ऐकतं?)

अशी जागा आमच्याकडं होती. परसात जुनं पेव आहे, पणजोबांच्या काळातलं. जमिनीत खोल गाडग्याच्या आकाराचा खड्डा, वर माणूस जाईल एवढं तोंड. पूर्वी त्यात ज्वारी भरायचे, आता रिकामंच. ईदच्या आधी घराला चुना मारायला काढला, सगळं सामान अंगणात आलं, तेव्हा मी संधी साधली. डबी सुतळीला बांधून पेवात सोडली, चांगली तीन हात खोल. पेवावर झाकण होतं शहाबादी फरशीचं. छे, छे, दगडाचा संबंधच नको! ते मी बाजूला केलं, लाकडी फळी टाकली, वर गोणपाट घातलं आणि कडेनं ओल्या मातीनं लिंपून टाकलं. अगदी हवाबंद! माझ्या हुशारीवर मीच इतकी खूश झाले, की हात धुवायचेही विसरले.

राहिली स्वयंपाकघरातली रिकामी जागा. तिथं टांगायला पांढरी डबी हवी. आणि पांढरी डबी घरात एकाच माणसाकडं होती. खातून फुफी, म्हणजे अब्बांची थोरली बहीण. आमच्याकडंच राहते. त्या डबीत तिची मिसरी असते. दिवसातून पाच वेळा दातांना लावते आणि मधल्या वेळात डबी कुठं ठेवली ते शोधते. मी म्हटलं, शोधतेच आहे, तर थोडी जास्त शोधेल!

त्यानंतर महिनाभर घरात जे झालं, त्याला मी जबाबदार आहे, पण पूर्णपणे नाही. फुफीनं आधी अम्मीवर आळ घेतला, मग चुना मारणाऱ्यावर, मग बकरीवर! बकरीचं तोंड उघडून तिचे दात तपासले. "हिचे दात माज्याहून साफ हायेत, हिनंच घेतली!" नवी मिसरी आणून दिली तर म्हणे, ती जुनी मुरलेली होती, तिची सर न्हाई. आणि हे सगळं कुठं बसून? स्वयंपाकघरात, बरोबर त्या टांगलेल्या डबीखाली!

डिसेंबरात डब्या गोळा झाल्या. मी सकाळी पेव उघडलं, सुतळी ओढली, सतरा नंबर पुसून थेट शाळेत नेऊन दिला. मिसरीची डबी घरी तशीच टांगलेली राहिली. वर कोण बघतंय?

फेब्रुवारीत पाकीट आलं. शाळेचं पटांगण भरलं. कामथडीहून माणसं आली होती. अब्बा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत, काखेत पेढ्यांचा खोका! माझा आत्मविश्वास एवढा, की मी खुर्चीवर बसलेच नाही, या पायावरून त्या पायावर करत उभी राहिले.

हेडसर वाचू लागले. "घर क्रमांक एक, सुरक्षित. घर क्रमांक दोन, सुरक्षित..." सोळापर्यंत सुरक्षित. मग ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "घर क्रमांक सतरा. प्रमाण... इतर घरांच्या चौदा पट. इतका आकडा या पाहणीत कुठंही आलेला नाही. आम्ही स्वतः तपासणीस येत आहोत. तोपर्यंत कुटुंबीयांनी दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. घाबरू नये."

'घाबरू नये' म्हटल्याबरोबर अर्धं पटांगण रिकामं झालं. माझ्या कानात नुसतं 'चौदा पट, चौदा पट' वाजत होतं. अब्बा हळूच उठले. पेढ्यांचा खोका काखेत तसाच दाबलेला. त्यांनी तो कुणाला दिलाही नाही, खाली ठेवलाही नाही. दुकानात जाऊन त्यांनी ग्रॅनाईटच्या सगळ्या लाद्या भिंतीकडं तोंड करून उलट्या लावल्या. शिक्षा झालेल्या मुलांसारख्या!

मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. रोज तोंड उघडायची. पण तालुक्यात दुसरी आलेली वक्ता आणि तोंडातून निघायचं काय, तर "अब्बा, मीठ द्या."

गुरुवारी मॅडम जीपनं आल्या. मागं सगळं गाव, नाकाला रुमाल, पदर, टोप्या लावून. रखमाजी सगळ्यात पुढं, पण खिडकीबाहेर. मॅडमनी स्वयंपाकघर बघितलं. खिडकीला आतून पोतं ठोकलेलं होतं. हायवे रुंद व्हायला लागल्यापासून धुरळा येतो म्हणून.

"हे काढा आधी," मॅडम म्हणाल्या.

"धुरळा मग कोन झाडनार?" अम्मी म्हणाली.

"धुरळा दिसतो तरी, ताई. जे दिसत नाही ते बाहेर जाऊ द्या." पोतं निघाल्यावर त्या माझ्याकडं वळल्या. "गुलफशा, डबी नेमकी कुठं टांगली होती?"

मी सवयीनं बोट वर केलं. सगळ्यांनी वर बघितलं. मॅडमनीही बघितलं.

"मग ही कोणती डबी?" त्या म्हणाल्या. "आपली तर पुण्याला आली."

माझं बोट वरच राहिलं. ते खाली कसं आणायचं, तेच आठवेना. तेवढ्यात फुफी पुढं आली, डोळे बारीक केले, खुंटीला काठी लावली आणि डबी खाली पाडली. झाकण उघडलं, वास घेतला.

"अगं बया! माजी मिसरी!"

आणि गावादेखत, मॅडमदेखत, तिनं तिथंच बोट बुडवून दातांना लावायला सुरुवात केली. तीन महिन्यांचा उपास होता हो तिचा! डोळे मिटून म्हणाली, "हाय. हीच ती." मग डोळे उघडले आणि माझ्याकडं रोखले. "बकरीच्या पाया पड आधी!"

सगळं सांगावं लागलं. पहिल्यापासून. पैज, हात, पेव, फळी, लिंपण, मिसरी. या वेळी भाषण चांगलं झालं नाही. मधे मधे रडू येत होतं.

"पेवात?" मॅडम ओरडल्या. "बंद? मातीनं लिंपलेलं? किती खोल?" आणि त्यांनी वही काढली! मी फासाची वाट बघत होते आणि त्या खूश होऊन लिहीत होत्या. "अगं, दगडापेक्षा बंद जमिनीतच तर तो जास्त साठतो! तू त्याला राहायला घर बांधून दिलंस."

"त्यात काय नवं?" फुफी मिसरीभरल्या तोंडानं म्हणाली. "पेव उघडलं की लगीच कुनी उतरत न्हाई. दीस दीस तोंड उघडं ठेवायचं, मग दिवा सोडायचा, दिवा इझला तर मानसानं जायचं न्हाई. बंद मातीत वाफ धरती. आमच्या अडाण्यांना ठावं हाय, हिला नववीत जाऊन कळंना!"

"ती वाफ वेगळी, आजी," मॅडम म्हणाल्या, "पण उपाय तुमचाच खरा. उघडं ठेवायचं." फुफी त्या दिवसापासून स्वतःला शास्त्रज्ञ समजते, ती गोष्ट वेगळी.

लोक हसायला लागले. रुमाल खाली आले. मला वाटलं, सुटले! पण अब्बा हसत नव्हते. हळू आवाजात म्हणाले, "गुलू, तुला माज्या दगडाचा भरवसा वाटला न्हाई?"

तेवढ्यात खिडकीतून रखमाजी बोलले, "तेच म्हनतो म्या. पोरीलाच बापाच्या वट्याची भीती, तर माज्या सुनंनं त्याम्होरं का रांधावं?"

"तुम्ही ती विडी आधी विझवा," मॅडम त्यांच्यावर कडाडल्या. "तुमच्या छातीला ओट्यापेक्षा तिचा धोका शंभरपट मोठा आहे. ओटा करा नाहीतर नका करू, स्वयंपाकघराला खिडकी मात्र मोठी ठेवा."

रखमाजींनी विडी पाठीमागं लपवली. मॅडमनी नवी डबी टांगली, तोच सतरा नंबर. या वेळी दोनच महिने. "मेच्या आत निकाल देते. तोवर कुणी काही बोलायचं नाही," असं म्हणून त्यांनी नेमकं माझ्याकडंच बघितलं. रखमाजी जाता जाता म्हणाले, "बघू. निकालापरयंत थांबतो."

संध्याकाळी आम्ही सगळे स्वयंपाकघरात बसलो होतो. खिडकी उघडी, धुरळा आत, ट्रकचे हॉर्न आत. पेढ्यांचा खोका ओट्यावर, अजून बांधलेलाच. मला ते बघवेना. मी उठले, पाय जुळवले. अब्बांनी घाबरून हातातली बशी खाली ठेवली.

"अब्बा, अम्मी, मी ठरवलंय. निकाल लागेपर्यंत मी माझं अंथरूण हितं टाकणार. ह्या ओट्याखाली. रोज. अख्ख्या कामथडीला कळू दे, हाफिजभाईंच्या पोरीला बापाच्या दगडाचा किती भरवसा आहे ते!"

अब्बांनी खोका पुढं ओढला, दोरा सोडला आणि पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. जरा कडक झाला होता, पण गोड होता.

अम्मीनंही डोळे पुसले. म्हणाली, "लई बेस झालं बाई! पहाटं पाचला भाकरी थापायला तुला उठवायचं, तर पार आतल्या खोलीपरयंत जावं लागायचं. आता नुसता पाय लांब केला की झालं."

उरलेला पेढा मी परत खोक्यात ठेवला. पण वक्त्यानं डगमगायचं नसतं, मुद्दा सुधारून मांडायचा असतो.

"अब्बा, अम्मी, मी पुन्हा ठरवलंय. ओट्याखाली नको, मी दुकानात झोपते. तिथं ग्रॅनाईट जास्त आहे!"